दिवाळीची आठवण कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत हा विषय पाहून काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्या अगदीच अकारण आहेत असे म्हणता येणार नाही. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांची दैना, शेतमालाचे भाव असे विषय समोर वाढून ठेवलेले असताना दिवाळीच्या दिवसांतल्या जुन्या दूरदर्शन-जाहिरातींविषयी बोलण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. दरवर्षी पावसाने पाठ फिरविली, आश्विन उजाडला, की घरोघर एक विलक्षण दृश्य दिसते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या साबणाच्या, मिठाईच्या, रंगाच्या जाहिराती माणसे शोधून काढतात, एकमेकांना दाखवितात आणि पाहता पाहता त्यांचा कंठ दाटून येतो. ज्या पिढीने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणीबाणीत तुरुंग पाहिला, त्या पिढीतील माणसांनाही कारखानदाराने पैसे मोजून करवून घेतलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत गहिवर आणते. हे का घडते, हे समाजवादी चळवळीने समजून घेतले पाहिजे. कारण माणसाच्या आठवणींवर ज्याचा ताबा, त्याच्याच हाती उद्याच्या आकांक्षांचाही ताबा जातो.

या गहिवराची टवाळी करण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. ‘भांडवलशाहीचा भुलभुलय्या’ असा शिक्का मारला की विचार करण्याचे श्रम वाचतात. परंतु हा मार्ग आळसाचा आहे. आठवण खरी आहे की नाही, आणि त्या आठवणीवर कोणाच्या नावाची पाटी लागली आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर ‘होय, खरी आहे’ असेच द्यावे लागेल. झगडा आहे तो दुसऱ्या प्रश्नाशी.

महाराष्ट्रात या संदर्भात सर्वप्रथम आठवते ती मोती साबणाची जाहिरात. झोपलेल्यांना उठण्याची हाक देणारी, स्नानाची वेळ झाल्याचे सांगणारी ती यमकबद्ध ओळ मराठी घरांत म्हणीसारखी रुळली. पुढच्या काळात एका इमारतीतील शेजाऱ्यांची दारे ठोठावून सर्वांना अभ्यंगस्नानासाठी उठविणारे वृद्ध गृहस्थ याच साबणाच्या जाहिरातीत आले. ती भूमिका करणारे विद्याधर करमरकर ‘अलार्म काका’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले, आणि २०२० च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले तेव्हा घरातलेच वडील माणूस गेल्यासारखी हळहळ अनेकांना वाटली.

या जाहिरातीचे सामर्थ्य कशात होते? साबणात निश्चितच नव्हते. नरकचतुर्दशीच्या पहाटे, सूर्योदयापूर्वी उठावयाचे, थंडीने कुडकुडत पाटावर बसावयाचे, आईने किंवा आजीने तेल चोळावयाचे, नागरमोथा आणि कपूरकाचरी घालून कुटलेले उटणे लावावयाचे, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे, ही सारी परंपरा कोणत्याही कंपनीच्या स्थापनेच्या कितीतरी आधीची आहे. चाळीत पहाटे एकमेकांची दारे ठोठावण्याची रीतही जाहिरात लिहिणाऱ्याने शोधून काढलेली नव्हती. सामाईक मोरी, सामाईक नळ, पाण्याची ठराविक वेळ यांमुळे शेजाऱ्याने शेजाऱ्याला उठविणे ही तेथे केवळ हौस नव्हती, ती गरज होती. कंपनीने एवढेच केले की तयार घरात बिऱ्हाड मांडले. उटण्याच्या वाटीशेजारी साबणाची वडी ठेवली आणि काही वर्षांतच पाहुण्याचा यजमान झाला. भांडवल सण निर्माण करीत नाही. ते सणात भाडेकरू म्हणून शिरते आणि कालांतराने मूळ मालकालाच भाड्याची पावती देऊ लागते.

आता दुसरी गोष्ट. या जाहिराती सर्वांच्या आठवणीत सारख्याच का आहेत? याचे कारण त्यांच्या कलागुणांपेक्षा दूरदर्शनच्या रचनेत आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही सेवा मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. एकच वाहिनी, ठराविक वेळ आणि निवडीला वाव नाही. त्यामुळे दादरच्या वाड्यात आणि परळच्या चाळीत, डॉक्टरच्या दिवाणखान्यात आणि कारकुनाच्या खोलीत एकाच क्षणी एकच चित्र उमटत असे. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि त्या पडद्यावर त्याच्या खिशाला साजेशी वेगळी जाहिरात येते. तेव्हाच्या एकत्र पाहण्याची ओढ आज वाटते, ती मुळात सामुदायिकतेची ओढ आहे. ती ओढ कोणाही समाजवाद्याने आदरानेच पाहावी.

तथापि या सामुदायिकतेचेही गोडवे डोळे मिटून गाता कामा नयेत. चाळीत दूरदर्शन-संच एखाद्याच घरी असे. ज्यांच्याकडे तो असे ते खुर्चीवर, ओळखीचे जमिनीवर, आणि उरलेले खिडकीच्या गजांना धरून उभे. कोणाला आत बोलवावयाचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, याचा निर्णय केवळ जागेच्या टंचाईवरून होत नसे. जात आणि पत यांचाही त्यात हात असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर संचच नव्हता आणि पुष्कळदा वीजही नव्हती. तेव्हा ‘सर्वांची’ म्हणून जी आठवण सांगितली जाते, ती सर्वांची नव्हे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलाचीही एक आठवण आहे, आणि तिच्यात साबणाच्या सुगंधापेक्षा गजांच्या लोखंडाचा गारवा अधिक आहे.

मित्रहो, या विषयाचा खरा गाभा एका तारखेत दडलेला आहे. ती तारीख आहे १ जानेवारी १९७६. त्या दिवसापासून दूरदर्शनने व्यापारी जाहिराती स्वीकारण्यास प्रारंभ केला. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून त्या होत्याच. आता चित्राची भर पडली. देशात त्या वेळी आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, जयप्रकाशजींसह असंख्य नेत्यांना व कार्यकर्त्यांना अटक झालेली होती, संपांवर बंदीचे सावट होते. ज्या पडद्यावर सरकारविरुद्ध एक शब्द उच्चारता येत नव्हता, त्या पडद्यावर साबण आणि बिस्किटे मात्र मोकळेपणाने बोलू लागली.

आणि त्याच्या तीनच महिने आधी, सप्टेंबर १९७५ मध्ये, एक अध्यादेश निघाला होता. कामगारांना मिळणारा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणण्यात आला. या दोन घटनांमध्ये कोणी कट रचला होता असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु एकीकडे दिवाळीच्या खरेदीचे पैसे श्रमिकाच्या हातून काढून घ्यावयाचे आणि दुसरीकडे त्याच्या डोळ्यांसमोर खरेदीची चित्रे नाचवावयाची, ही संगती अवघ्या काही महिन्यांत जुळून आली हे इतिहासाने नोंदविले आहे.

बोनस हा शब्द आज ऐकताना सणाची बक्षिसी वाटतो. तो तसा नाही, हे नव्या कार्यकर्त्यांना सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी अमाप नफा कमावला तेव्हा १९१७ पासून कामगारांना युद्धभत्त्याच्या स्वरूपात काही रक्कम मिळू लागली, आणि पुढे ती वार्षिक बोनस म्हणून रूढ झाली. १९२३ सालचा बोनस नाकारला जाताच जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही असा निर्वाळा दिला आणि तो संप फसला. परंतु प्रश्न मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर लवादांपुढे वर्षानुवर्षे भांडणे झाली. नफ्यात कामगाराचा वाटा आहे हे तत्त्व इंचाइंचाने मान्य करून घ्यावे लागले. १९६१ मध्ये मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला, १९६५ मध्ये कायदा झाला आणि किमान ४ टक्के बोनस निश्चित झाला. १९७२ मध्ये तो ८.३३ टक्के झाला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, अर्थात तेरावा पगार. १९७५ मध्ये हिरावून घेतलेला हा तेरावा पगार १९७७ मध्ये जनता राजवटीत परत मिळाला. रेल्वे कामगारांनी १९७४ च्या ऐतिहासिक संपात बोनसची मागणी केली होती. तो संप चिरडला गेला, पण १९७९ मध्ये उत्पादकतेशी निगडित का होईना, बोनस त्यांना मान्य करावाच लागला.

आता जाहिरातीच्या आठवणीकडे पुन्हा वळावे. ज्या दिवाळीची आठवण येऊन डोळे भरतात, त्या दिवाळीत घरात काय काय होते? नवा सदरा होता, मुलीला परकर-पोलक्याचे कापड होते, डब्यात चकल्या व कडबोळी होती, वर्षातून एकदाच येणारी सुगंधी साबणाची वडी होती. हे सारे कशातून आले? जाहिरातीतून नव्हे, बोनसच्या पाकिटातून. वडिलांनी ते पाकीट देवापुढे ठेवले, आईने त्यातून किराण्याची यादी केली, वाण्याची मागची उधारी चुकती झाली, आणि मग राहिलेल्या पैशांत तो साबण आला. साबणाचे गाणे आठवते, पाकिटाचे आठवत नाही. कारण साबणाचे गाणे रोज ऐकविण्यासाठी कोणी पैसे मोजत होते. पाकिटाचे गाणे कोणी लिहिलेच नाही. हा दोष केवळ भांडवलदारांवर ढकलून चालणार नाही. चळवळीने बोनससाठी घोषणा पुष्कळ दिल्या, परंतु बोनस मिळाल्यावर घरात जो आनंद झाला त्या आनंदाला शब्द दिले नाहीत. तो आनंद बेवारस राहिला. बेवारस वस्तूवर कोणीतरी नाव घालणारच.

१९८२ साली ही विसंगती कळसाला पोहोचली. त्या वर्षी १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून दूरदर्शनला रंग आला. नोव्हेंबरच्या मध्यास दिवाळी आली आणि लगोलग १९ तारखेस दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांना प्रारंभ झाला. देशाने रंगीत चित्रे पाहिली. गिरणगावात मात्र त्या दिवाळीपर्यंत संपाला दहा महिने होत आले होते. बोनस नव्हता, पगार नव्हता, घरातली भांडी विकली जात होती, कित्येक कुटुंबे गावाकडे परतली होती. ज्या हातांनी देशाला कापड दिले त्यांच्या मुलांना त्या दिवाळीत नवे कापड मिळाले नाही. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला, आणि त्याच्याबरोबर हजारो घरांतली दिवाळीही. त्या घरांतून वाढलेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत. जुन्या रंगीत जाहिराती पाहताना त्यांना काय आठवत असेल, याचा विचार ‘किती सुंदर होते ते दिवस’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर तरी केला पाहिजे.

आणि साबण बनविणाऱ्यांचे काय? मोती साबण मूळचा टाटा ऑइल मिल्स कंपनीचा. १९९३ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. कामगार संघटनांनी त्यास विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४ मध्ये विलीनीकरणावर शिक्कामोर्तब झाले. एका सकाळी उठावे तो घरातला ‘आपला’ साबण बहुराष्ट्रीय कंपनीच्या फळीवर जाऊन बसलेला. जाहिरात तीच राहिली, गहिवर तोच राहिला, नफ्याचा पत्ता मात्र बदलला. याच हिंदुस्थान लिव्हरच्या शिवडी येथील कारखान्यात १९८८-८९ मध्ये टाळेबंदी झाली होती. तेव्हा कामगारांनी हात बांधून बसण्याचे नाकारले. त्यांनी स्वतः धुण्याची पावडर तयार केली आणि ‘लॉकआऊट’ या नावाने ती विकली. मालकाखेरीजही उत्पादन होऊ शकते, हे त्या पावडरीने मूठभर का होईना, पण दाखवून दिले. लिव्हरच्या सर्फची जाहिरात करणाऱ्या ललिताजी आज सर्वांना आठवतात. ‘लॉकआऊट’ पावडर किती जणांना आठवते? तिच्यासाठी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत कोणी केली नव्हती.

अलीकडच्या जाहिरातींनी आणखी एक पाऊल टाकले आहे. त्या आता वस्तू विकताना करुणाही विकतात. २०१८ च्या दिवाळीत संगणक-छपाईयंत्रे विकणाऱ्या एका कंपनीच्या चित्रफितीत रस्त्याकडेला पणत्या विकणाऱ्या वृद्धेला एक मुलगा पत्रके छापून मदत करतो. २०२१ मध्ये एका चॉकलेट कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शाहरुख खान यांच्या तोंडून कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांची नावे उच्चारविली. पाहणाऱ्याचे मन हेलावते, आणि ते हेलावणे खोटे नसते. परंतु पणतीवालीला मिळते ते मुलाच्या चांगुलपणामुळे, हक्काने नव्हे. चांगुलपणा आटला की तिची दिवाळी संपली. समाजवादाचा आग्रह नेमका येथे वेगळा पडतो: सण हा कोणाच्या कृपेवर अवलंबून असता कामा नये.

शिवाय या करुणेचे धैर्य किती, हेही अनुभवास आले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या पेढीने हिंदू सून आणि मुस्लिम सासर यांच्यातील जिव्हाळा दाखविणारी जाहिरात केली. गदारोळ होताच ती मागे घेतली. २०२१ मध्ये फॅबइंडियाला दिवाळीच्या सुमारासच्या आपल्या कपड्यांना दिलेले उर्दू नाव विरोधामुळे मागे घ्यावे लागले. बंधुभाव जोवर विक्री वाढवितो तोवर त्याचा पुरस्कार, विक्रीला धोका दिसताच माघार. यात त्या व्यवस्थापकांची व्यक्तिशः निंदा करण्यात अर्थ नाही. बाजाराकडून विवेकाच्या रक्षणाची अपेक्षा करणे हीच मुळात चूक होय. ते काम समाजाचे आणि चळवळीचे आहे.

येथे एक प्रामाणिक कबुलीही आवश्यक आहे. मराठी माणूस ज्याचा सार्थ अभिमान बाळगतो तो दिवाळी अंक १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झाला, आणि ही परंपरा बव्हंशी जाहिरातींच्या पैशांवरच जगली. पुरोगामी नियतकालिकेही त्यास अपवाद नाहीत. सहकारी बँका, पतपेढ्या, साखर कारखाने यांच्या शुभेच्छांच्या पानांशिवाय कित्येक अंक निघालेच नसते. तेव्हा जाहिरात हा शब्द उच्चारताच नाक मुरडणे दांभिकपणाचे ठरेल. कोणी, कोणासाठी, काय सांगते आणि त्याबदल्यात कोणाचे तोंड बंद होते, हे पाहणे महत्त्वाचे.

मग कार्यकर्त्याने करावे काय? प्रथम, या गहिवराला हसणे सोडावे. कोणी जुनी जाहिरात दाखवून डोळे पुसू लागला तर त्याला व्याख्यान न देता एक साधा प्रश्न विचारावा: ‘तुमच्या घरी तेव्हा बोनस किती येत असे?’ अनुभव असा आहे की या प्रश्नानंतर माणसे खुलतात. गिरणीचे नाव सांगतात, खाते सांगतात, दाराशी झालेल्या सभेची हकीकत सांगतात. त्या हकीकती टिपून ठेवाव्यात, कारण त्या सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.

दुसरे, आजच्या दिवाळीत दार ठोठावणारा कोण आहे ते पाहावे. नरकचतुर्दशीच्या सकाळी आजही कोणीतरी दार ठोठावते. तो शेजारी नसतो. पाठीवर मोठी पिशवी अडकवून दहा मिनिटांत उटण्याचे पाकीट पोहोचविणारा पंचविशीतला तरुण असतो. १९६५ चा बोनस कायदा २०१९ च्या वेतनसंहितेत सामावून घेण्यात आला, परंतु हा तरुण कायद्याच्या लेखी ‘कामगार’च नसल्याने किमान ८.३३ टक्क्यांचा तो हक्क त्याला लागू नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला ‘गिग कामगार’ असे नाव दिले. नाव मिळाले, तेरावा पगार मिळाला नाही. सणाच्या दिवशी अधिक फेऱ्या केल्या तर काही जादा रुपये मिळतील, एवढेच त्याला सांगितले जाते. तो इतरांची दिवाळी वेळेवर पोहोचवितो आणि स्वतःच्या दिवाळीला उशिरा पोहोचतो. १९२४ मध्ये समितीने गिरणी कामगाराला जे सांगितले होते, की तुमचा यावर हक्क नाही, तेच त्याला आज नव्या भाषेत सांगितले जात आहे. गिरणी कामगारांनी ते उत्तर अखेरचे मानले नाही. त्यांना कायदा मिळविण्यास एकेचाळीस वर्षे लागली. या तरुणाला तेवढी वर्षे लागू नयेत, हे आजच्या चळवळीचे काम आहे.

मित्रहो, पहाटेच्या अंधारात शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार ठोठावावे आणि म्हणावे, ‘ऊठ, वेळ झाली’, यापेक्षा सुंदर दृश्य दुसरे नाही. ते दृश्य साबणाच्या कंपनीने वापरले म्हणून चळवळीने ते टाकून द्यावे असे नाही. ते मुळात चाळीचे आहे, श्रमिकांचे आहे. येत्या दिवाळीत दार ठोठावणाऱ्या त्या तरुणाला क्षणभर थांबवावे, पाणी द्यावे, फराळाची पुडी द्यावी, आणि त्याचबरोबर युनियनच्या सभासदत्वाची पावतीही त्याच्या हाती ठेवावी. फराळ त्या दिवशी संपेल. पावती पुढच्या दिवाळीपर्यंत उपयोगी पडेल.